पिस्तुलाचं कपाळ

चहा डाव्या हाताने का पितोय म्हणून बघताय ना? सांगतो. पण आधी नीट बसा, आणि मध्येच ‘मग तू असं का नाही केलंस’ म्हणून विचारायचं नाही. ते सगळं बायकोने विचारून झालंय.

उजवा हात वर जात नाही. खांद्यापासून गेलाय पार. आणि या सगळ्याच्या मुळाशी काय आहे, माहितीय? चिमूटभर कुंकू! आपलं साधं, देव्हाऱ्यातलं.

मी किती थकलेला माणूस आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळी बुकित बातोकहून एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पकडायची, जुरोंग ईस्टला बदलायची, दिवसभर लोकांना ‘येस, नोटेड’ म्हणायचं आणि संध्याकाळी परत. संध्याकाळी घरी लॅपटॉपची बॅग येते आणि मी तिला लटकलेला असतो. डॉक्टर म्हणाले, ब्लड प्रेशर वाढलंय, एखादा छंद लावून घ्या. मी विचारलं, झोप चालेल का? ते काही हसले नाहीत.

मग साळुंखे म्हणाला, पिस्तूल शूटिंगला चल. हा साळुंखे मूळचा अलिबागचा, राहतो सेंगकांगला, मरीन इंजिनिअर. जहाजावर चीफ असतो म्हणून आम्ही जमिनीवरही त्याला चीफच म्हणतो, आणि तोही तसाच वागतो.

“नित्या, पळायचं नाही, घाम गाळायचा नाही. उभं राहायचं आणि एक बोट हलवायचं,” तो म्हणाला.

एक बोट! मला पटलंच. सभासद झालो.

आता इथला प्रकार असा, की पिस्तूल तुम्हाला घरी नेता येत नाही. ते क्लबातच, पोलादी दाराच्या खोलीत असतं. तिथे जायचं, सही करायची, ते घ्यायचं, गोळ्या झाडायच्या, परत द्यायचं. हे सगळं बघतात मिस्टर लिम. सैन्यातून निवृत्त झालेले, बुटके, ताठ, आणि नियमाच्या बाबतीत सख्ख्या भावालाही न ओळखणारे.

क्लबात वर्षातून एकदा सर्व्हिस पिस्तूल स्पर्धा असते. म्हणजे काय, तर नुसतं चांगलं पिस्तूल असून भागत नाही. ते कुठल्या तरी देशाच्या सैन्याने आपल्या जवानांना रीतसर वाटलेलं असायला हवं. एखाद्या जनरलने हौसेने विकत घेऊन कंबरेला लावलेलं चालत नाही. शिवाय ते जसं वाटलं तसंच हवं. मूठ तीच, नळी तीच, नेम धरायची खूण तीच. ट्रिगर हलका करून घेतलाय का हे बघायला त्याला वजन लटकवतात. मला ही स्पर्धा फार आवडली. बाकीच्या स्पर्धांत लोक भारी पिस्तुलं आणून पुढे जातात. इथे सगळ्यांकडे सारखंच, आणि हरलो तर म्हणता येतं की पिस्तूल जुनं होतं!

पण मिस्टर लिमना कोणीतरी सांगितलं की मी आयटीत आहे.

“यू आयटी, यू राइट व्हेरी क्लीअर,” ते म्हणाले. “रूल्स ओल्ड ऑलरेडी. यू राइट अगेन.”

नाही म्हणता येत नाही हो मला. म्हणूनच तर ब्लड प्रेशर आहे! शनिवार-रविवार बसून स्पर्धेचे सगळे नियम नव्याने लिहून काढले. आणि एकदा लिहायला बसलो की मी ऑफिसातल्यासारखाच लिहितो. पळवाट म्हणून ठेवत नाही. शेवटी एक कलम स्वतःच्या डोक्याने घातलं: ‘पिस्तूल ज्या सैन्याचं, त्या सैन्याने स्वतः जे कधी लावलं नाही असं काहीही पिस्तुलावर आढळलं, तर ते पिस्तूल बाद.’

काय कलम आहे! त्या रात्री मी शांत झोपलो.

हे कलम कोणासाठी होतं, सांगू? चीफसाठी. नेम धरायला नळीच्या टोकाशी एक इवलासा काळा उंचवटा असतो ना, त्याला हा पठ्ठ्या बायकोचं नारिंगी नेलपॉलिश लावायचा. नीट दिसतं म्हणून! नव्या नियमाने ते गेलं. चीफला क्लबाच्या बाकावर बसून रिमूव्हरने पिस्तूल पुसावं लागलं. पुसताना तो माझ्याकडे बघत होता, ती नजर मी विसरलेलो नाही.

आता यात माझे सासरे आले.

अण्णा म्हणजे सुभेदार मेजर, निवृत्त, मुक्काम सातारा. लेकीकडे म्हणून आले होते दिवाळीपर्यंत राहायला. पण सोळाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हा माणूस करणार काय? पहाटे उठायचे, खाली चकरा मारायचे, वर यायचे, पेपर संपवायचे, आणि मग सोफ्यावर ताठ बसून घड्याळाकडे बघायचे. मी ऑफिसातून आलो की ‘आलात?’ म्हणायचे. मी ‘आलो’ म्हणायचो. संपलं संभाषण!

एक दिवस वैशाली, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरात मला भिंतीला टेकवून म्हणाली, “अण्णा तिकीट अलीकडचं करायला सांगतायत.”

“का बरं?”

“म्हणाले, इथे मला काही काम नाही. जावई चांगलाय, पण दमलेला असतो, त्याला कशाला त्रास.” तिचे डोळे भरले होते. “आई गेल्यानंतरची पहिली दिवाळी आहे नितीन. साताऱ्याच्या घरात एकटे बसून काय करतील ते? तू काहीतरी कर.”

“मी काय करू?”

“तुला ते पिस्तुलाचं येतं ना? तो तुझा फोटो त्यांनी अख्ख्या गल्लीला दाखवलाय. त्यांना ने तुझ्या स्पर्धेला.”

तो फोटो! मी क्लबात पहिल्याच दिवशी पिस्तूल धरून काढलेला. त्यात मी गोळी झाडलेलीच नव्हती. पण साताऱ्यात तो फोटो बघून लोकांनी म्हणे ठरवून टाकलं होतं की अण्णांच्या जावयात काहीतरी आहे.

मी हो म्हणालो. दुसरं येतं काय मला!

स्पर्धा शनिवारी होती. शुक्रवारी संध्याकाळी अण्णा सोफ्यावरून म्हणाले, “नितीनराव, उद्या दसरा.”

“हो अण्णा. स्पर्धापण उद्याच.”

“शस्त्र कुठाय?”

“क्लबात.”

“घरी कधी आणणार?”

“घरी नाही आणता येत अण्णा. कायदा आहे इथला.”

“मग शस्त्रपूजा?”

आमची इरा, वय वर्षं नऊ, सोफ्यावर उलटी पडून पुस्तक वाचत होती. ती तिथूनच म्हणाली, “आजोबा, कॅनॉट लाह. पोलीस विल कम.”

“येऊ देत की,” अण्णा म्हणाले. “त्यांच्या पण हत्यारांना कुंकू लावू.”

मग ते माझ्याकडे वळले. महिनाभरात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जरा जान आली होती. “आमच्या पलटणीत दसऱ्याला कोतातलं, म्हणजे हत्यारांच्या कोठारातलं, एकूण एक हत्यार बाहेर निघायचं. धुवून पुसून, चादरीवर मांडून, साहेबापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळे नमस्कार करायचे. पूजेबिगर दसऱ्याला हत्याराला हात लावायचा नाही, नितीनराव. ते ऐकत नाही मग.”

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी म्हणालो, “मी क्लबात करीन ना पूजा.”

हीच ती चूक. इथून पुढचं सगळं आपोआप झालं.

अण्णा उठले, देव्हाऱ्यातलं कुंकू आणि चार अक्षता कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिल्या. “हे बघा, तोंडाला लावायचं नाही. तोंडातून गोळी जाते. कपाळाला लावायचं.”

“अण्णा, पिस्तुलाला कपाळ कुठे असतं?”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही उद्या स्पर्धेत उतरताय ना?”

मी पुडी खिशात घातली. पुन्हा विचारलं असतं तर आज उजव्या हाताने चहा प्यायलो असतो!

शनिवारी आम्ही क्लबात पोचलो. प्रेक्षकांना काचेमागे बसवतात, तिथे अण्णा बसले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मिशा पिळलेल्या, छातीवर पाहुण्याचा बिल्ला. मी सही करून क्लबाचं पिस्तूल घेतलं आणि त्यांना दुरून दाखवलं. अण्णा ताडकन उभे राहिले. काचेला नाक लावून बघत राहिले. मग स्वतःच्या कंबरेवर थाप मारून त्यांनी मला खूण केली. मला कळलं. नोकरीची शेवटची वर्षं त्यांच्या कंबरेला होतं ते हेच, याच बनावटीचं पिस्तूल. आपल्या सैन्यातही हेच वाटलेलं होतं.

मिस्टर लिमनी सगळ्यांची पिस्तुलं तपासली. मूठ बघितली, नळी बघितली, वजन लटकवलं. माझं पिस्तूल पास! त्यावर हिरवा ठिपका चिकटवून मला परत दिलं. माझ्या शेजारच्या लक्ष्यावर होता चीफ. त्याचंही पास, पण त्याच्या पिस्तुलाला अजून रिमूव्हरचा वास येत होता.

“बेस्ट लक हं, नियमवाले,” चीफ म्हणाला.

गोळ्या भरण्याआधी तयारीसाठी थोडा वेळ देतात. पिस्तूल समोर धरून नेम बघायचा, हात मोकळा करायचा. त्या वेळात मी पिस्तुलाचं तोंड नीट लक्ष्याकडे ठेवलं आणि डाव्या हाताने खिशातून हळूच पुडी काढली.

आता कपाळ! मागे वळून काचेकडे बघितलं. अण्णांनी दोन बोटं स्वतःच्या कपाळाला लावली आणि मान हलवली. मी पिस्तुलाकडे पाहिलं. डोळे नाहीत, भुवया नाहीत. समोर तोंड आहे. तोंडाच्या वर काय असतं? कपाळ! आणि तोंडाच्या वर, अगदी मधोमध, तो इवलासा काळा उंचवटा होता.

लावलं कुंकू!

पण तिथली हवा तुम्हाला माहीत आहे. नुसतं उभं राहिलं तरी माणूस भिजतो. माझ्या बोटाला घाम, त्या घामात कुंकवाचा झाला चिखल. उंचवटा लाल, नळी लाल, माझी तिन्ही बोटं लाल. मी रुमालाने पुसायला गेलो तर ते आणखी पसरलं. घाईत अक्षता वाहिल्या, त्यातली एक कुठल्याशा फटीत गेली.

“स्टॉप! एव्हरीबडी स्टॉप! पुट डाउन!”

मिस्टर लिम धावत आले. माझा हात धरला. “यू ब्लीडिंग, इज इट?”

“नो नो, मिस्टर लिम…”

“सिट! फर्स्ट एड!”

मी काही बोलायच्या आत मला खुर्चीवर बसवलं, कोणीतरी पेटी आणली, कोणीतरी माझा हात वर धरला. क्लबातल्या एका बाईंनी माझ्या बोटांवर पाणी ओतलं. रक्त धुतलं गेलं आणि जखम सापडेना! सगळे माझ्याकडे बघतायत. मी म्हणालो, “इट इज नॉट ब्लड. इट इज… फॉर प्रेअर.”

बाईंनी पाणी ओतायचं थांबवलं.

मग चीफ पुढे झाला. माझ्या पिस्तुलावर वाकला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जो आनंद पसरला ना, तो मी त्याच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलेला नाही.

“मिस्टर लिम,” तो म्हणाला, “फ्रंट साइट इज रेड.”

मिस्टर लिम वाकले. “रेड,” ते म्हणाले.

“अँड धिस?” चीफने फटीतून अक्षत काढून तळहातावर ठेवली. “राइस.” मग मराठीत मला म्हणाला, “डबा पण आणलायस का रे?”

मिस्टर लिमनी खिशातून माझे नियम काढले. माझेच! चष्मा लावून शेवटचं कलम मोठ्याने वाचलं. त्या सैन्याने स्वतः जे कधी लावलं नाही असं काहीही आढळलं, तर बाद.

“सॉरी लाह, नितीन. व्हेरी क्लीअर रूल.”

आणि खरं सांगू का? मला इतकं हलकं वाटलं! बाद म्हणजे गोळ्या झाडायला नकोत. अण्णांसमोर नेम चुकायला नको. कोणी विचारलं तर धर्मासाठी बाद झालो म्हणायचं. साताऱ्यात हार घालतील! मी खुर्चीतून उठलो आणि अगदी खिलाडूपणाने म्हणालो, “रूल इज रूल.”

तेवढ्यात काचेवर ठकठक झाली.

अण्णा! त्यांना काहीतरी बिघडलंय हे कळलं होतं. मिस्टर लिमनी त्यांना दारापर्यंत येऊ दिलं. अण्णांनी मला विचारलं, “काय झालं?”

“पिस्तूल बाद केलं अण्णा. सैन्याने जे लावलं नाही ते पिस्तुलावर चालत नाही. कुंकू म्हणजे…”

“कोण म्हणतं सैन्य लावत नाही?”

“अण्णा, जाऊ दे ना.”

“जाऊ दे काय? सांगा त्यांना.”

“अण्णा, खरंच, माझी काही हरकत नाही.”

पण अण्णा माझ्याकडे बघतच नव्हते. ते मिस्टर लिमसमोर ताठ उभे राहिले, टाचा जुळवल्या, आणि पलटणीतल्या इंग्रजीत म्हणाले, “सर! सेम पिस्टल, इंडियन आर्मी. दसरा डे, ऑल वेपन्स, कुंकू. एव्हरी इयर, सर!”

मिस्टर लिमही नकळत ताठ झाले. “यू आर्मी?”

“सुभेदार मेजर, सर!”

“प्रूफ हॅव?”

अण्णांनी फोन काढला. तो फोन ते एरवी माझ्याकडूनच चालू करून घेतात, पण हा फोटो त्यांना बरोबर सापडला. मोकळ्या मैदानात चादर, चादरीवर रायफली ओळीने मांडलेल्या, पुढे पिस्तुलं, झेंडूची फुलं, उदबत्त्या. एकूण एक हत्याराला लाल टिळा. मागे उभे राहिलेल्यांत काळ्याभोर मिशांचे अण्णा. बाजूला, गावाहून आलेल्या बायकांत, डोक्यावर पदर घेतलेल्या माझ्या सासूबाई, हातात कुंकवाचा करंडा.

“हिनेच लावलं होतं त्या वर्षी,” अण्णा मला म्हणाले. अंगठ्याने त्यांनी फोनची काच पुसली. “साहेब म्हणाले, वहिनींच्या हातून होऊ द्या.”

मला एकदम फार वाईट वाटलं. महिनाभर हा माणूस माझ्या सोफ्यावर बसून होता, आणि मी त्याच्या हातात टीव्हीचा रिमोट देऊन मोकळा झालो होतो. त्या फोटोबद्दल मी कधी विचारलंसुद्धा नव्हतं.

मिस्टर लिमनी फोटो मोठा करून पाहिला. पुन्हा मोठा केला. “सेम पिस्टल,” ते म्हणाले. “रेड. आर्मी पुट.”

“पण मिस्टर लिम,” चीफ इंग्रजीत कळवळला, “फोटोत कुंकू बाजूला लावलंय, सपाट भागावर! याने साइटवर लावलंय!”

मीपण बघितलं. खरंच की! बाजूला, नंबराजवळ, सपाट जागेवर नेमका टिळा. ते होतं कपाळ!

मिस्टर लिमनी माझं कलम पुन्हा वाचलं. हळूहळू, बोट ठेवून. मग चष्मा काढला.

“रूल नेव्हर से व्हेअर,” ते म्हणाले. “पिस्टल क्वालिफाय. राइस कॅनॉट. नितीन, यू शूट.”

कळलं का? पळवाट न ठेवणारा मी! कुठे लावायचं ते लिहायचं राहिलं!

अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “जा नितीनराव. आता ऐकेल ते.”

गेलो. काय करणार! बोटं ओली, आणि समोर नेम धरायच्या जागी लाल चिखल. मी एक डोळा मिटला. लाल ठिपका दिसला, त्यामागे काळं वर्तुळ दिसलं, दाबला ट्रिगर. परत लाल, परत काळं, परत दाबला. आणि गंमत बघा, हात जरा वेळाने स्थिर झाला! वाटलं, खरंच ऐकतंय हे पिस्तूल. मनातल्या मनात मी अण्णांच्या पाया पडलो. शेवटची गोळी झाडली तेव्हा तर मला हसू फुटत होतं.

मग कागद जवळ आणले. माझा कागद आला. कोरा.

म्हणजे अगदी कोरा! दुकानातून आणल्यासारखा.

चीफचा कागद आला. त्यावर भोकंच भोकं. त्याने झाडल्या होत्या त्याच्या दुप्पट. आणि बरीचशी अगदी मधोमध!

मी सगळ्या गोळ्या शेजारच्या लक्ष्यावर मारल्या होत्या. आता अशा वेळी कुठलं भोक कोणाचं ते कसं ओळखणार? त्यावरही नियम आहे. ओळखता आलं नाही तर कागद ज्याचा, त्याला सगळ्यांत चांगली भोकं द्यायची. हे कोणी लिहिलं होतं, ते तुम्ही विचारणार नाही आहात.

चीफला कप मिळाला. तो घेऊन तो आधी माझ्याकडे आला, मिठी मारली आणि म्हणाला, “नित्या, असा नियम करणारा माणूस मिळायला भाग्य लागतं रे!” वर अण्णांच्या पाया पडला!

परत येताना आम्ही एमआरटीत शेजारी बसलो. जुरोंग ईस्ट गेल्यावर ते म्हणाले, “नेम चांगला आहे तुमचा.”

मी एकदम त्यांच्याकडे वळलो. “खरंच अण्णा?”

“हो. लक्ष्य तेवढं दुसऱ्याचं.”

घरी आल्यावर बूटसुद्धा न काढता ते वैशालीला म्हणाले, “पोरी, ते तिकीट राहू दे. दिवाळी इथंच.” वैशाली माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी गड जिंकून आलोय. “ह्यांच्याकडून काम करून घ्यायला पाहिजे,” अण्णा पुढे म्हणाले. “हाताला कामच माहीत नाही.”

त्याच संध्याकाळपासून सुरू झालं. हॉलमध्ये उभं राहायचं, उजवा हात सरळ, हातात पाण्याने भरलेली बाटली, नजर समोरच्या कॅलेंडरवर. अण्णा सोफ्यावर ताठ बसून घड्याळाकडे बघणार. पण आता कसे खूश होऊन बघतात! वैशाली म्हणते, अण्णा पुन्हा पहिल्यासारखे झाले. झाले ना. माझा खांदा गेला.

पूजा मात्र राहिलीच होती. अण्णांनी पाट मांडला, रांगोळी काढायला इराला बसवलं, आणि मला म्हणाले, “तुमच्या नावावर वाटलेलं हत्यार कोणतं?”

“अण्णा, ते क्लबातच…”

“ते नाही. रोजचं. कामाचं.”

“लॅपटॉप.”

“कंपनीनं दिला?”

“हो.”

“सगळ्यांना तसाच दिलाय?”

“सगळ्यांना तसाच.”

“तुम्ही त्यात काही बदल केलाय?”

“परवानगीच नाही हो.”

“मग नियमात बसतो की! आणा इकडे.”

आणला. अण्णांनी लॅपटॉप पाटावर उघडून ठेवला, झेंडूचं फूल वाहिलं, चष्मा लावून वाकले. “याला कपाळ आहे,” म्हणाले, आणि स्क्रीनच्या वर, अगदी मधोमध, ओल्या बोटाने ठसठशीत टिळा लावला. “पुसायचं नाही. आपोआप जाईल तेव्हा जाईल.”

मी नमस्कार केला. थकलो होतो. मधोमध काय असतं याचा विचार त्या वेळी कोण करतं?

सोमवारी मी घरून काम करत होतो. सकाळचा व्हिडिओ कॉल. इथली माझी बॉस, तिची बॉस, आणि आमची पुण्याची अख्खी टीम. मी कॅमेरा चालू केला. स्क्रीनवर एक लालभडक, धूसर गोळा आला. मी उजवीकडे वळलो, तोही उजवीकडे वळला.

“नितीन, आर यू ओके?” बॉस म्हणाली. “यू लुक व्हेरी रेड.”

पुसायचं नव्हतं. अण्णा समोरच डायनिंग टेबलाशी बशीतून चहा पीत बसले होते, आणि त्यांची नजर लॅपटॉपवर होती. बॉसला म्हणालो, “फेस्टिव्हल.” आणि लॅपटॉपवरच हळूच वैशालीला मेसेज टाइप केला: ‘तुझ्या बाबांनी कॅमेऱ्याला कुंकू फासलंय. मी माकडासारखा दिसतोय. त्यांना जरा आत बोलव, मी तेवढ्यात पुसतो.’ पाठवला. दुखऱ्या हाताने का होईना, पण पाठवला.

आतून वैशाली काही येईना. पुण्याची टीम मात्र एकेक करून कॅमेरा बंद करायला लागली. मग कोणीतरी हसण्याचं चित्र टाकलं. मग कोणीतरी लिहिलं, ‘सर, बाबांना दसऱ्याच्या शुभेच्छा.’ मी मेसेजची खिडकी पाहिली आणि माझा उरलासुरला चेहराही लाल झाला.

“काय झालं?” अण्णांनी विचारलं.

“काही नाही अण्णा. वैशालीला मेसेज करायचा होता. तो कॉलवर सगळ्यांना गेला.”

अण्णांनी बशी खाली ठेवली.

“परत शेजारच्यावर?” ते म्हणाले, आणि पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.